प्रकाशसंश्लेषणावर संशोधन करायचंय? आधी पान मोजायला शिका

बीएस्सीची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, जीन एडिटिंग कुठे शिकायला मिळेल?" मी उलट विचारतो, पानाला यंत्र लावून एक सकाळ तरी शेतात काढलीस का? बहुतेकांनी काढलेली नसते. पिकाची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता वाढवायची हे माझं काम, आणि या कामात जनुकाच्या आधी पान येतं.

नाशिकच्या मुलांना इथे आयती सोय आहे. निफाडला गहू, कांदा, द्राक्ष. पेठ-सुरगाण्याला भात आणि नागली, म्हणजे नाचणी. येवल्याकडे मका, बाजरी. कार्बन डायऑक्साइड पकडायच्या पद्धतीवरून पिकांचे सी३ आणि सी४ असे गट पडतात. यातली गहू, कांदा, द्राक्ष, भात ही सी३ पिकं. नागली, मका, बाजरी सी४. बटाट्याच्या फोडीत नागलीचं पान धरा, ब्लेडने पातळ काप घ्या आणि कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली बघा. प्रत्येक शिरेभोवती गडद हिरव्या पेशींचं कडं दिसेल. गव्हाच्या पानात ते कडं असं हिरवंगार नसतं. सी४ वनस्पती कार्बन डायऑक्साइड त्या कड्यात कोंडते, म्हणून तो पकडणाऱ्या रुबिस्को या विकराला चुकून ऑक्सिजन पकडायची संधी कमी मिळते. सी३ पिकात ही चूक सतत होते, तापमान वाढलं की जास्तच, आणि ती निस्तरताना बांधलेला थोडा कार्बन परत हवेत जातो. त्यात रुबिस्को मुळातच मंद, सेकंदाला जेमतेम दोन-चार रेणू! भातातच सी४ची रचना बसवायचा प्रयत्न फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने कधीच हाती घेतलाय. तसा भात अजून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आलेला नाही.

आता मोजणीकडे. ऐन थंडीत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो, आणि ऊन मात्र लख्ख पडतं. पान गार, विकरं सुस्त, प्रकाश भरपूर. जादा ऊर्जा पान उष्णता म्हणून फेकून देतं, तरीही काही इजा होतेच. ती पकडायची तर पानाला क्लिप लावून वीसेक मिनिटं अंधार द्यायचा आणि मग फ्लुरोसन्स, म्हणजे पानातून परत बाहेर पडणारा मंद प्रकाश, मोजायचा. त्यावरून यंत्र एक गुणोत्तर काढतं; निरोगी पान ०.८३च्या आसपास आकडा देतं. गारठलेलं पान खाली येतं. पान किती कार्बन डायऑक्साइड घेतं ते मोजायच्या यंत्राचे नखरे वेगळेच. एकाच वयाचं, पूर्ण उमललेलं, उन्हातलं पान निवडा. दुपारी पर्णरंध्रं मिटायला लागतात, म्हणून रीडिंग सकाळी नऊ ते अकरात उरका. आणि यंत्राच्या तोंडाशी उभं राहून गप्पा मारू नका: हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, तुमच्या उच्छ्वासात चारेक टक्के. हवा ओढणारी नळी बांबूला उंच बांधतात ती यासाठीच.

एवढं झालं की जनुकांची गोष्ट नीट समजते. २०१६मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने तंबाखूत तीन जनुकं वाढवली. पानावर सावली आली तरी उष्णता फेकणं लगेच थांबत नाही, काही मिनिटं चालूच राहतं. ते लवकर थांबवलं आणि झाडाचं वजन साधारण १५ टक्के वाढलं. २०२२मध्ये हीच युक्ती सोयाबीनवर केली. एका हंगामात काही वाणांचं उत्पादन चांगलंच वाढलं, पुढच्या हंगामात झाडं लोळली आणि तो फरक दिसला नाही. बातम्यांत पहिला हंगामच गाजला.

आमच्या भागातला द्राक्षवाला हे ऐकतो आणि विचारतो, "पान जास्त साखर बनवेल हो, पण ती घडात जाईल का?" प्रश्न बिनतोड आहे. तो स्वतः खोडाच्या सालीची गोल पट्टी काढून गर्डलिंग करतो, म्हणजे साखर मुळांकडे न जाता घडाकडेच राहावी. शेंडा मारतो, काडीवर पानं मोजून ठेवतो. पान आणि घड यांचा हिशेब त्याच्या हातात आहे, आपण प्रबंधात लिहितो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एका पानाचा वेग वाढला म्हणून उत्पादन वाढलं असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवण्याआधी अख्ख्या प्लॉटमधल्या उत्पादनाचं वजन मागा. शिवाय जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, पिकाची शेतचाचणी आपल्याकडे केंद्राच्या आणि राज्याच्याही परवानगीत अडकते. नवख्याने देशी वाणांतला नैसर्गिक फरक शोधावा. त्याला अशी परवानगी लागत नाही आणि प्रबंध वेळेत होतो.

वाटा दोन. बीएस्सी ॲग्रीवाल्यांनी आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देऊन वनस्पती शरीरक्रियाशास्त्र घ्यावं; राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे, दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था आहे. बॉटनीवाल्यांनी एमएस्सी करताना सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. गव्हासाठी पुण्याची आघारकर संस्था, द्राक्षासाठी मांजरीचं, दुष्काळ-उष्णतेसारख्या ताणासाठी बारामतीचं, कांद्यासाठी राजगुरुनगरचं संशोधन केंद्र. सगळं एसटीच्या टप्प्यात. संख्याशास्त्र आणि 'आर' सॉफ्टवेअर आत्ताच शिकून घ्या, पुढे त्याला वेळ मिळत नाही.

गाईड निवडताना लॅबमध्ये यंत्र आहे का, एवढंच विचारू नका. ते चालू आहे का, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं आणि विद्यार्थ्यांच्या हातात देतात का, हे तिथल्या सिनिअरला टपरीवर चहा पाजून विचारा. ऑफिसमध्ये खरं उत्तर मिळत नाही.