जुनी गाडी डीलरकडून घेताना विकणारा कोण, हे कागदावर कसे आणावे

जुनी मोटार कशी घ्यावी यावर सल्ला देणारे बहुतेक लोक बॉनेट उघडूनच बोलायला लागतात. इंजिनचा आवाज ऐका, टायर पाहा, ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, एवढे सांगून ते मोकळे होतात. हा सल्ला चुकीचा नाही. पण नागपुरात डीलरच्या हातून गाडी घेणाऱ्यांची जी प्रकरणे गेली अनेक वर्षे माझ्याकडे येत आहेत, त्यांत इंजिनमुळे फसलेले थोडे आणि कागदांमुळे अडकलेले फार आहेत. घासलेली क्लचप्लेट चार पैसे टाकून बदलता येते. ज्याच्या नावावर गाडी आहे तो माणूसच सापडत नसेल, तर पैसे टाकूनही काम होत नाही.

फोनवरच ओळखा

जाहिरातीत ‘घरची गाडी’, ‘सिंगल ओनर’, ‘डॉक्टरांची गाडी’ असे लिहिलेले असते, आणि फोन उचलणारा मात्र डीलर असतो. फोन लागल्यावर गाडीचे नाव न घेता ‘गाडी आहे का अजून?’ एवढेच विचारावे. ज्याच्याकडे एकच गाडी विकायची आहे तो ‘आहे’ किंवा ‘गेली’ म्हणतो, डीलर ‘कोणती?’ असे विचारतो. पुढचा प्रश्न आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव कोणाचे आहे हा. ‘भाऊ, आपल्याच माणसाची आहे, तुम्ही या तर खरे’ असे उत्तर आले, की समोर धंदेवाईक विक्रेता आहे असे धरून चालावे.

डीलरकडून गाडी घेण्यात वावगे काही नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तर ते सोयीचे आहे. धंदा म्हणून वस्तू विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता येते आणि ती आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते. एखाद्या घरगुती विक्रेत्याविरुद्ध ही वाट बहुधा मिळत नाही. म्हणूनच काही डीलर नफा विक्रेत्याचा घेतात आणि जबाबदारीची वेळ आली की ‘मी फक्त मध्यस्थ होतो’ म्हणतात. या दोन भूमिकांपैकी त्यांनी कोणती घ्यायची, हे पैसे देण्यापूर्वी ठरवून घ्यावे लागते.

गाडी पाहणे

सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मेकॅनिक आपला न्यावा, डीलरने सुचवलेला नव्हे. एसी मात्र दुपारी, तोही गाडी सिग्नलला उभी असताना तपासावा, कारण नागपूरच्या मे महिन्यात त्याची खरी परीक्षा तिथेच होते. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नये. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मागावी आणि ती मालकाच्या संमतीनेच मिळत असेल, तर संमती आणून देण्याचे काम डीलरला सांगावे.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखणे आपल्या शहरात आता गरजेचे झाले आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंत वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हा घरांखालच्या पार्किंगमधल्या गाड्याही पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून विकायला आली, तर वरवर पाहून कळत नाही. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. जो भाग एरवी गुंडाळीतच राहतो, त्यावर मातकट रेषा किंवा कडकपणा आढळतो. स्टेपनी उचलून तिच्या खाचेत गाळ आहे का आणि सीटच्या खालच्या बोल्टांना गंज आहे का, हेही पाहावे.

विम्याचा कागदही गाडीचा इतिहास सांगतो. सलग विमा असलेल्या आणि दावा न केलेल्या गाडीचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वर्षागणिक चढत जातो. गाडी पाच वर्षांची, मालक पहिलाच, विमा कधी खंडित झालेला नाही, आणि तरी बोनसच्या रकान्यात शून्य असेल, तर नुकताच दावा झाला आहे. दावा कशाचा होता, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मालकीची साखळी

येथे घाई करू नये. डीलर एक फाइल पुढे करतो. तीत आरसी असते, विमा असतो, पीयूसी असते आणि जुन्या मालकाच्या सह्या केलेले, बाकी कोरे असलेले फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज, असतात. ‘सह्या तयार आहेत, नाव करून घ्या, दोन दिवसांचे काम आहे’ असे तो सांगतो. बहुतेक खरेदीदारांना या कोऱ्या सह्या पाहून हायसे वाटते. मला त्याच सर्वांत धोकादायक वाटतात.

एक तर अशा फाइलवरून त्या सह्या कधी झाल्या हे कळत नाही. मालकाने गाडी पहिल्या डीलरला दिली, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सह्यांचा तोच संच हातोहाती फिरत आला, असे सर्रास घडते. मधल्या एकाचेही नाव आरसीवर चढत नाही. दुसरे म्हणजे मधल्या काळात मूळ मालकाचे निधन झाले असेल, तर त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही. वारसांना फॉर्म ३१ वर गाडी आधी आपल्या नावावर करावी लागते आणि त्यानंतरच ती विकता येते. तिसरी अडचण आजच्या पद्धतीची आहे. हस्तांतराचा अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून होतो आणि ओटीपी मालकाच्या नोंदलेल्या मोबाइलवर जातो. कागदावर सही असूनही तो मोबाइलधारक सहकार्य करत नसेल, तर फाइल जागची हलत नाही.

हा शेवटचा प्रकार मी स्वतः निस्तरला आहे. गाडी उत्तम होती, डीलरही गोड बोलणारा होता. पण मालक बदली होऊन दुसऱ्या शहरात गेलेला, त्याचा जुना क्रमांक बंद, आणि डीलरने त्याला ठरलेल्या किमतीतली काही रक्कम दिलेलीच नव्हती. साहजिकच त्याने सांगितले, की माझे पैसे येईपर्यंत मी कशालाच हात लावणार नाही. चूक त्याची नव्हती. मात्र दोघांच्या त्या हिशेबात गाडी विनानाव माझ्या दारात उभी राहिली आणि ती मार्गी लावताना गिरीपेठेतल्या आरटीओ कार्यालयात घातलेले हेलपाटे कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याशी स्वतः बोलल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. डीलर म्हणेल, ‘पार्टीला कशाला त्रास देता?’ त्रास द्यावा. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: गाडी तुम्ही कोणाला आणि कधी दिली, तुमचे पूर्ण पैसे मिळाले का, आणि नोंदणीत असलेला मोबाइल अजून तुमच्याकडे आहे का. डीलर स्वतःच्या फोनवरून ‘मालक’ जोडून देत असेल, तर तो मालकच आहे याची खात्री नसते. आरसीवरच्या पत्त्याचा माग घ्यावा, आणि पत्ता नागपुरातलाच असेल तर संध्याकाळी जाऊन यावे. बोलणे होऊच द्यायचे नाही असा डीलरचा आग्रह असेल, तर गाडी कितीही आवडलेली असो, तिथून निघावे. याला मी अपवाद करत नाही.

अपवाद ठरू शकेल अशी एकच स्थिती आहे, आणि ती कायद्यानेच निर्माण केली आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. नोंदणी प्राधिकरणाकडून डीलरला अधिकारपत्र घ्यावे लागते, ते फॉर्म २९ब मध्ये असते. आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९क मध्ये दिली जाते. अशी सूचना नोंदली गेली, की पुढच्या खरेदीदाराच्या नावावर गाडी होईपर्यंत डीलरच तिचा मालक मानला जातो आणि हस्तांतराचे अर्जही त्याला करता येतात. म्हणून वर्धा रोडवर काचेचे शोरूम असलेला असो वा रस्त्याकडेला चार गाड्या लावून बसलेला असो, प्रत्येकाला हे दोन कागद मागावेत. ज्याच्याकडे आहेत तो लगेच काढून दाखवतो. ‘ते आपल्याकडे चालत नाही’ असे सांगणाऱ्याला मध्यस्थ समजावे आणि मध्यस्थासारखेच वागवावे.

सोबत आणखी काही गोष्टी पडताळाव्यात. एमपरिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून मालक कितवा आहे, कर्जाचा बोजा आहे का, नोंदणी कधीपर्यंत आहे, हे पाहावे. प्रलंबित ई-चलान वेगळी तपासावीत. कर्ज फिटले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे ना हरकत पत्र आणि बँकेने सही केलेला फॉर्म ३५ हाती असल्याशिवाय ‘एचपी उतरवून देतो’ (एचपी म्हणजे आरसीवरची हीच कर्जाची नोंद) या शब्दावर पुढे जाऊ नये. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का ते पाहावे, नाहीतर नाव चढवण्याचे काम तेथेच अडते.

परराज्यातल्या गाड्या नागपुरात भरपूर येतात. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाच्या सीमा जवळ आहेत, आणि दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर बंधने आल्यापासून तिकडच्या गाड्याही स्वस्तात दिसतात. तिथल्या आरटीओचे ना हरकत पत्र ‘येणार आहे’ आणि ‘आलेले आहे’ यांत फार अंतर असते. आलेले असल्यास ते कोणत्या कार्यालयाच्या नावे आहे ते वाचावे: नागपूर शहर एमएच-३१, ग्रामीण एमएच-४०, पूर्व एमएच-४९. महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो, तो किमतीत धरूनच सौदा करावा.

चेसिस क्रमांकाचा ठसा मात्र स्वतः घ्यावा. क्रमांक कोरलेल्या पट्टीवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी फिरवली, की सतरा अक्षरे-अंक पांढरे उमटतात. ते आरसीशी एकेक करून जुळवावेत. मारुती सुझुकीचा क्रमांक बहुधा एमए३ ने, टाटाचा एमएटी ने सुरू होतो. ठशात एखादे अक्षर बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरके दिसले, किंवा भोवतालचा पत्रा घासलेला आढळला, तर पुढे बोलणीच करू नयेत. हा ठसा अर्जासोबत लागतोच, त्यामुळे काम वाया जात नाही.

पैसे

आता भूमिकेचा प्रश्न निकाली निघतो. डीलरने स्वतःला विक्रेता म्हणवून घेतले, तर पावती त्याच्या फर्मच्या नावाची, गाडीचा क्रमांक, चेसिस व इंजिन क्रमांक, मीटरचा आकडा आणि ‘नाव चढवून देण्याची जबाबदारी आमची’ हे वाक्य असलेली हवी, आणि रक्कम त्याच फर्मच्या खात्यात गेली पाहिजे. तो मध्यस्थ असल्याचे सांगत असेल, तर गाडीचे पैसे थेट आरसीवरच्या मालकाच्या खात्यात जातील आणि डीलरला त्याचे कमिशन वेगळे मिळेल. खऱ्या मध्यस्थाची याला हरकत नसते. ज्याने मालकाला तीन लाख सांगून तुम्हाला चार लाख सांगितले आहेत, तो मात्र या क्षणी गडबडतो. पुतण्याच्या किंवा कामगाराच्या यूपीआयवर एक रुपयाही पाठवू नये. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख स्वीकारण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, हे ‘रोख द्या, दहा हजार कमी करतो’ म्हणणाऱ्याला सांगावे.

बयाणा थोडा द्यावा आणि कागद न जुळल्यास तो परत मिळेल असे पावतीवर लिहून घ्यावे. पूर्ण रक्कम एकदम कधीही देऊ नये. माझ्या मते किमान दहा टक्के रक्कम नवी आरसी तुमच्या नावाने निघेपर्यंत राखून ठेवावी. ‘धंद्यात विश्वास लागतो’ हे वाक्य तुम्हाला ऐकवले जाईल. विश्वास असेल तर त्यालाही दहा टक्क्यांसाठी थांबता येईल. पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवर नोटरी केलेला करारनामा म्हणजे मालकी नव्हे. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावर राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. हा निकाल मूळ मालकालाही सांगावा. नाव लवकर बदलावे यात त्याचाही स्वार्थ आहे हे उमगले, की तो ओटीपी तत्परतेने देतो.

ताबा घेतल्यावर

ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहावी, कारण त्याच दिवशी सकाळी झालेले चलान कोणाचे हा वाद मिनिटांवर येतो. गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्जही चौदा दिवसांत द्यावा. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने पुढे चालू राहत असले, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनीला न कळवता मिळत नाही, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागतो. काचेवरचा फास्टॅग जुन्या मालकाकडून बंद करवून घ्यावा आणि मगच स्वतःचा घ्यावा, कारण एका गाडीला एकच फास्टॅग चालतो.