बातमी कळण्याआधीची गोळी

"सिस्टर, पाळी चुकून तीन आठवडे झाले. आता कोणतं व्हिटॅमिन सुरू करू?"

प्रसूतिपूर्व तपासणीच्या टेबलाशी बसून हा प्रश्न मी नोकरीभर ऐकला. "आजच्या आज फॉलिक ॲसिड सुरू कर," असं सांगते आणि मनात दिवस मोजते. पाळी चुकते तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो, ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मिटते, आणि फॉलिक ॲसिड लागतं ते त्याआधी. म्हणजे पाळी चुकल्यावर हातात दोनच आठवडे उरतात. तीन आठवड्यांनी आलेल्या बाईच्या पोटात ती नळी मिटून गेलेली असते, किंवा उघडी राहिलेली असते.

माझ्या बाळाची उघडी राहिली होती. १९८८ साल, पहिलं गरोदरपण. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर मध्येच बोलायचे थांबले आणि मी ओळखलं. नर्स असण्याचा हा एक तोटा. कवटीचा वरचा भाग तयारच झाला नव्हता. याला अनेन्सेफली म्हणतात. असं बाळ पोटातच जातं, नाहीतर जन्मल्यावर काही तासांत, फार तर काही दिवसांत. माझं काय चुकलं, हे कुणाला खात्रीने सांगता येत नव्हतं.

तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीचे आकडे आले. ७ देशांतल्या ३३ केंद्रांवरच्या १,८१७ बायका, सगळ्यांच्या आधीच्या एखाद्या बाळात न्यूरल ट्यूबचा दोष निघालेला. रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांच्या ६ बाळांत तो पुन्हा दिसला, न घेणाऱ्यांच्या २१ बाळांत. धोका ७२ टक्क्यांनी कमी. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. दुसऱ्या वेळी मी आधी गोळी सुरू केली आणि दिवस राहायची वाट मग पाहिली. माझी मुलगी आता स्वतः गोळी घेण्याच्या वयाची आहे.

तेव्हा पहिलं काम असं: मूल हवं असं ठरलं की त्याच दिवशी गोळी सुरू कर. ठरलं नसलं तरी दिवस राहण्याची शक्यता असेल, तर घेत राहा. गर्भधारणेआधी किमान एक महिना आणि नंतर बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत, रोज ४०० मायक्रोग्रॅम. "मी पालेभाज्या भरपूर खाते," असं म्हणशील. खा, जरूर खा. पण अन्नातलं फॉलेट, म्हणजे याच व्हिटॅमिनचं नैसर्गिक रूप, उष्णतेने नासतं, उकळलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातं, आणि उरलेलं शरीरात गोळीतल्या फॉलिक ॲसिडइतकं शोषलंही जात नाही. इथे ताटावर भिस्त ठेवू नको.

काहींना ४०० पुरत नाहीत. आधीच्या बाळात असा दोष असेल, तुझ्या किंवा नवऱ्याच्या घराण्यात असेल, तुला मधुमेह असेल किंवा फिटसाठी व्हॅल्प्रोएटसारखं औषध चालू असेल, तर डॉक्टर ४ ते ५ मिलिग्रॅम देतात. फिटची गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. ती बदलायची की नाही, हे दिवस राहण्याआधी बसून ठरवायचं.

आता डबीवरचे आकडे. ०.४ मिलिग्रॅम आणि ४०० मायक्रोग्रॅम ही एकच मात्रा. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, साडेबारा पट. मी स्वतः एकदा फळ्यावर "४०० मिग्रॅ" लिहून ठेवलं होतं. एका बाईने विचारलं, "सिस्टर, मग रोज किती गोळ्या गिळायच्या?" तेव्हा पुसलं. शुद्धलेखनाची चूक चालेल, पण एककाची चालत नाही.

याच्या अगदी उलट कथा 'अ' जीवनसत्त्वाची. एकीने माझ्यासमोर पर्स उपडी केली होती. त्यातून तीन बाटल्या निघाल्या. मल्टिव्हिटॅमिन: रेटिनॉल, म्हणजे तयार 'अ', ५,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक). केस आणि त्वचेची गोळी: आणखी ५,०००. कॉड माशाच्या यकृताचं तेल, रोज एक चमचा: साधारण ४,५००. मी पावतीच्या मागे बेरीज केली, १४,५००. गरोदरपणात रेटिनॉलची वरची मर्यादा दिवसाला १०,००० आययू, म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम. "पण ही सगळी व्हिटॅमिनंच आहेत ना?" ती म्हणाली. होय, आणि हेच व्हिटॅमिन पहिल्या महिन्यांत जास्त झालं तर बाळाचा चेहरा, हृदय आणि मेंदू यांची घडण बिघडू शकते. मुरमांसाठी देतात ते आयसोट्रेटिनॉइन याच कुळातलं. त्याने गर्भपात होतात, बाळात गंभीर व्यंगं येतात. दिवस राहू देण्याच्या किमान एक महिना आधी ते थांबवायलाच हवं. गरोदरपणात यकृत खाऊ नको म्हणतात, तेही रेटिनॉलमुळेच. गाजर, रताळं, हिरव्या भाज्या यांतलं बीटा कॅरोटीन बिनघोर खा. शरीर त्यातून गरजेपुरतंच 'अ' बनवतं.

याचा अर्थ 'अ' टाळायचं, असा नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत फ्रेड हेल या संशोधकांनी 'अ' न मिळालेल्या डुकरिणीची ११ पिल्लं नोंदवली. एकालाही नेत्रगोलच नव्हते. आईच्या खाण्यातल्या उणिवेने पिल्लाची घडण बिघडते, हे त्यातून दिसलं. गरोदर बाईला संध्याकाळनंतर दिसेनासं झालं, तर ती 'अ'च्या कमतरतेची खूण असू शकते. ते लगेच दाखव, दुकानातून बाटली आणून परस्पर उपाय करू नको.

बी १२कडे फार दुर्लक्ष होतं. ते प्राणिज पदार्थांतूनच भरवशाने मिळतं. मांस, मासे, अंडी खात नसशील आणि दूधही कमीच असेल, तर रक्तातलं बी १२ आधी तपासून घे. फॉलेट आणि बी १२ या दोन्हींच्या अभावी रक्तातल्या पेशी फुगून मोठ्या होतात. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३१ मध्ये मुंबईच्या गरोदर बायकांमधला असा पंडुरोग (ॲनिमिया) यीस्टच्या अर्काने बरा केला. त्या अर्कात होतं ते फॉलेट. पण अडचण अशी की कमतरता बी १२ची असली, तरी नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

उलट्या. थोड्याफार उलट्यांनी बाळाला काही होत नाही. गोळी सकाळी टिकत नसेल तर रात्री झोपताना घे. पण दोन-तीन आठवडे पोटात काहीच ठरत नसेल, वजन उतरत असेल, तर रुग्णालयात जा आणि "थायमिन दिलंय का?" असं तोंडाने विचार. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी १चा, साठा काही आठवड्यांतच संपतो. अशा वेळी थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, बाळही जाऊ शकतं. संकोच करू नको. विचारलेलं चांगल्या डॉक्टरला खटकत नाही.

लोहाबद्दल थोडक्यात, कारण ते व्हिटॅमिन नव्हे: ती गोळी चहा, कॉफी किंवा कॅल्शियमबरोबर नको, आंबट फळासोबत चालेल. थायरॉइडसाठी आयोडीन लागतं. त्याच्या तीव्र अभावाने गर्भपात होतात, बाळं पोटात दगावतात.

'क' आणि 'ई'च्या मोठ्या मात्रांनी गरोदरपणातलं रक्तदाबाचं दुखणं टळेल अशी एके काळी फार आशा होती. मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. त्यावर पैसे घालू नको.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण ती न सांगितल्याने बायका वर्षानुवर्षं स्वतःला खात बसतात. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांतल्या बिघाडाने होतात. बीज जुळतानाच ती गफलत झालेली असते. कोणत्याही गोळीने ती दुरुस्त होत नाही, आणि एखाद्या दिवशी गोळी विसरली म्हणून ती होतही नाही. व्हिटॅमिन घेतल्याने असे गर्भपात थांबतात, याला पुरावा नाही. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एक गोळी घे. दोन नको.

पहिल्या तपासणीला येताना घरात जे जे घेतेस ते सगळं पिशवीत घालून आण. पावडर, तेल, मैत्रिणीने दिलेल्या कॅप्सूल, मुरमांचं औषध, सगळं. नावं लिहून आणू नको, बाटल्याच आण. मला मागची बारीक अक्षरं वाचायची असतात.