जीसीएसईचा पेपर रिचेकिंगला टाकण्याआधी

गुरुवार, २२ ऑगस्ट २०२४. मी शाळेबाहेर गाडीत बसून होते. लेक हॉलमधून जीसीएसईच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, निकालाचं पाकीट घेऊन बाहेर आला आणि त्याच्या चालण्यावरूनच मला कळलं. फिजिक्स ८, केमिस्ट्री ७, हिस्ट्री ७, इंग्लिश ७. मॅथ्स ६. शाळेच्या सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीला, ए-लेव्हल (बारावीच्या पातळीच्या) मॅथ्ससाठी ७ लागतो, आणि मॅथ्स नसेल तर ते फिजिक्सही देत नाहीत. तीन विषय घ्यायचे होते, त्यातले दोन एका आकड्यापायी अडले.

दुपारी कोल्हापूरहून सासूबाईंचा फोन. "नऊपैकी सहा? म्हणजे फर्स्ट क्लासच की! पोरगं तोंड पाडून का बसलंय?" इंग्लंडमध्ये २०१७ पासून जीसीएसईला ९ ते १ अशा श्रेणी आल्या, ४ म्हणजे पास, आणि अकरावी-बारावीसारखा जो सिक्स्थ फॉर्म असतो तिथे एकेका विषयाची वेगळी अट असते, हे सगळं मी त्यांना सांगत होते. त्यांना पटलं नाही. खरं तर मलाही पटलं नव्हतं.

माझी पहिली चूक त्याच दिवशी झाली. मी दहावी एसएससी बोर्डातून केलेली, त्यामुळे डोक्यात गुणपडताळणी, छायांकित प्रत, पुनर्मूल्यांकन हीच साखळी. पेपर रिचेकिंगला टाकू, सात येईल, मग प्रवेश. गुरुवारचा अख्खा दिवस मी इथल्या परीक्षा बोर्डाची वेबसाइट वाचण्यात घालवला. फोन केला तर उत्तर मिळालं की पालकांचा अर्ज घेतला जात नाही, शाळेमार्फत या. शुक्रवारी सकाळी इथल्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीचा फोन आला, तिच्या मुलीचं हे आदल्या वर्षीच होऊन गेलं होतं. ती म्हणाली, "अगं, आधी जागा धर. मार्कांचं नंतर बघता येतं."

हे वाक्य मला गुरुवारी सकाळी हवं होतं. जागेचा फैसला त्या आठवड्यात होतो. मार्कांचा निकाल यायला आठवडे जातात, तोवर वर्ग सुरू झालेले असतात. त्यातून त्या वर्षी सोमवारी बँक हॉलिडे होता, म्हणजे शुक्रवारी दुपारी शाळेचं ऑफिस बंद झालं की थेट मंगळवारी उघडणार.

आम्ही धावत शाळेत गेलो. सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुख बाईंपुढे लेकालाच बोलायला लावलं. आईने पुढे होऊन बोललेलं तिथे फारसं चालत नाही. त्याने तीन गोष्टी विचारल्या: पेपर रिव्ह्यूला (इथलं रिचेकिंग) टाकला तर उत्तर येईपर्यंत जागा ठेवाल का, मॅथ्स विभाग स्वतःची चाचणी घेईल का, आणि काहीच जमलं नाही तर कोणते विषय मिळतील. बाईंनी शब्द दिला नाही, पण नाव यादीत ठेवलं आणि मॅथ्सच्या सरांना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चाचणी घ्यायला सांगते म्हणाल्या.

तिथून निघून आम्ही जवळच्या एका कॉलेजात गेलो. तिथे ए-लेव्हल मॅथ्सला ६ चालत होता. नाव नोंदवून टाकलं. लेकाला ते अपमानास्पद वाटलं, गाडीत तो बोलला नाही. पण इंग्लंडमध्ये अठरा वर्षांपर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात असावंच लागतं, आणि सप्टेंबर उजाडल्यावर हातात एकही जागा नाही ही वेळ कुणावरही येऊ नये.

कुणी सांगेल, प्रवेश नाकारला तर अपील करा. करता येतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांच्या सिक्स्थ फॉर्मने नाकारलं तर पालक आणि मूल दोघांनाही स्वतंत्र पॅनेलकडे जाता येतं. निकालावर अवलंबून असलेली जागा असेल तर निकालानंतर शाळेच्या ३० दिवसांत सुनावणी व्हायला हवी. शाळेचे दिवस, कॅलेंडरचे नव्हेत. म्हणजे ऑक्टोबर उजाडू शकतो. आणि मुलगा हुशार आहे की नाही हे पॅनेल नव्याने मोजत बसत नाही, शाळेचा निर्णय हाती असलेल्या माहितीवर वाजवी होता का एवढंच बघतं. ६ असताना ७ ची अट लावली, तर शाळा वाजवीच ठरणार. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजांना तर ही पॅनेलची पद्धत लागूच नाही, त्यांची आपापली तक्रारीची पद्धत असते.

आता मार्क. शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरकडून नुसती श्रेणी नको, प्रत्येक पेपरचे मार्क मागून घ्या आणि बोर्डाने जाहीर केलेल्या श्रेणीच्या सीमारेषांशी ताडून बघा. आमच्या बोर्डाचे मॅथ्सचे तीन पेपर, प्रत्येकी ८० मार्कांचे, एकूण २४०. लेक ७ च्या रेषेपासून तीन मार्क खाली होता. वरची रेघ किती जवळ हे सगळेच बघतात, खालची किती लांब हेही बघा. रिव्ह्यूमध्ये मार्क घटूही शकतात, आणि नवी श्रेणी खालची आली तर तीच धरतात. लेकाची खालची रेघ लांब होती. पण तुमच्या मुलाला ४ काठावर मिळाला असेल तर दहादा विचार करा, कारण मॅथ्समध्ये ४ गेला की सोळानंतरही मॅथ्स शिकत राहावं लागतं. याच कारणाने संमतीपत्रावर सही मुलाची लागते. मी पेन काढलं होतं, ऑफिसरबाईंनी हसून कागद त्याच्याकडे सरकवला.

मंगळवारी शाळेने पेपरच्या कॉप्या ऑनलाइन मागवल्या आणि मॅथ्सचे सर लेकाला घेऊन स्क्रीनसमोर बसले. दुसऱ्या पेपरात त्रिकोणाचा एक प्रश्न होता. पहिल्या भागात लेकाने बाजू चुकीची काढली, पण तीच चुकीची बाजू घेऊन दुसऱ्या भागात रीत बिनचूक वापरली. उत्तरसूचीप्रमाणे अशा वेळी पुढच्या रीतीचे मार्क द्यायचे असतात. इथे दोन्ही मार्क गेले होते. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मला मात्र तिसऱ्या पेपरातला एक सात दिसला, तो 'एक' म्हणून वाचला गेला होता. मी लगेच म्हटलं, हाही द्या! सर म्हणाले, तो मलाही एकच दिसतो.

हा फरक समजून घ्या. रिव्ह्यू म्हणजे पेपर नव्याने तपासणं नव्हे. आधीच्या तपासनीसाची चूक झाली आहे का, एवढंच दुसरा बघतो. दुसऱ्या कुणी सढळ हाताने दिला असता, ही चूक धरत नाहीत. बेरजेची गफलत किंवा तपासायचं राहिलेलं पान शोधणारी क्लेरिकल तपासणी वेगळी असते, तिचे पैसेही कमी. मॅथ्समध्ये बोट ठेवायला ओळ सापडते. इंग्लिश लिटरेचरच्या निबंधात 'आमच्या मते बरा होता' म्हणून काहीच हलत नाही.

शाळेने लेकाला ८ चा अंदाज दिला होता, त्याचाही उपयोग नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या तेव्हा शिक्षकांच्या मूल्यमापनावर श्रेणी दिल्या गेल्या, ते तेवढ्यापुरतं. मूल परीक्षेच्या दिवशी आजारी होतं हेही परीक्षेच्या वेळीच शाळेला कळवावं लागतं.

फी पेपरमागे भरावी लागते, श्रेणी बदलली तरच परत मिळते. शाळा अर्ज करायला तयार नसेल तर त्या नकाराविरुद्ध शाळेतच दाद मागण्याची लेखी पद्धत असते, ती मागून घ्या. बोर्डाची मुदत सप्टेंबरच्या शेवटाकडे असते, पण शाळा स्वतःची तारीख त्याच्या बरीच आधी ठेवते. रिव्ह्यूनंतरही समाधान झालं नाही तर ३० दिवसांत शाळेमार्फत बोर्डाकडे अपील, आणि त्याच्याही पुढे ऑफक्वाल, म्हणजे परीक्षांची नियामक संस्था. नोव्हेंबरमध्ये मॅथ्स आणि इंग्लिश लँग्वेज पुन्हा देता येतं, पण तो निकाल जानेवारीत लागतो.

आम्ही फक्त दुसरा पेपर टाकला. २० दिवसांची मुदत असते, तेवढे जवळजवळ लागलेच. तोवर लेकाने मॅथ्स विभागाची चाचणी दिली, ती बरी गेली, आणि त्याला अटीवर वर्गात बसवलं: ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत बघू. रिव्ह्यूचं उत्तर आलं तेव्हा तो फिजिक्सच्या तासाला होता. दोन मार्क वाढले होते. हवे होते तीन. श्रेणी ६, फी परत नाही.

सासूबाईंनी विचारलं, "मग अजून सहाच?"

"सहाच."

"आणि वर्गात?"

"बसतोय."

"मग त्या साहेबाला कळलं म्हणायचं."

ऑक्टोबरची सुट्टी झाली, अट निघाली. त्यानंतर पहिल्यांदा कॉलेजला फोन करून आमची जागा सोडली. तो फोन आम्ही थोडा उशिराच केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, तो पहिल्या दिवसापासून आला नाही म्हणून नाव कधीच काढलंय. दोन्हीकडे नाव आहे असं धरून मी ते दोन महिने शांत झोपले होते.