जुगाऱ्याच्या घराचं रहस्य लिहिताय? मग या चुका टाळा

घर आहे, कर्ज आहे, एक काका परागंदा झालाय, गावची जमीन कधीतरी विकली गेली आणि तिचा विषय निघाला की सगळे उठून जातात. कौटुंबिक रहस्यकादंबरीला यापेक्षा चांगली सामग्री मिळणं कठीण. तरी या विषयावरची बरीच हस्तलिखितं मधल्या भागात बसतात. लेखकाला भाषा येत असते, पात्रं दिसत असतात, पण हात लागलेला प्रश्न चुकीचा असतो. ‘पैसे कुणी उडवले?’ हे रहस्य जुगाऱ्याच्या घरात फार काळ टिकत नाही, ते चौथ्या पानावर वाचकालाही कळतं. टिकणारा प्रश्न वेगळा आहे: हे कुणाला कधी कळलं, आणि कळल्यावर तो माणूस काय करून बसला? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न हातातून सुटल्यामुळे होतात.

खेळ ऐकीव माहितीवर लिहिणं

मटका दाखवायचा असेल तर आधी साल ठरवा. मुंबईतला हा आकड्यांचा जुगार सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर चालायचा. बाजार उघडताना काय भाव फुटला, बंद होताना काय फुटला, त्यावर पैसे लागायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा न्यू वरळी. त्यामुळे १९५५ च्या चाळीतले आजोबा ‘कल्याण’ मटका लावू शकत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात पोलिसांनी मुंबईत जोर लावल्यावर अनेक मटकेवाल्यांनी बस्तान हलवलं. या तारखा पानावर छापायची गरज नाही, पण पात्राच्या खिशात काय होतं हे त्यांच्यावर ठरतं. संपातल्या कामगाराचा पगार बंद आहे. त्यानं टपरीवर लावलेले पाच रुपये आले कुठून? याचं उत्तर शोधायला गेलात तर एक अख्खं प्रकरण हाती लागतं.

खेळाची रीतही नीट समजून घ्या. तीन पत्ते निघाले: ३, ५, ६. बेरीज १४, तिचा शेवटचा आकडा ४. हे ओपन. नंतर पुन्हा तीन पत्ते: २, ८, ८. बेरीज १८, म्हणजे क्लोज ८. जोडी झाली ४८. एका आकड्याला साधारण नऊपट आणि जोडीला नव्वदपट मिळायचे. आकडे दहा आणि जोड्या शंभर, म्हणजे रुपयामागे दहा पैसे कायमचे खेळवणाऱ्याचे. कादंबरीला हे गणित पुरतं. ओपन आणि क्लोजच्या मध्ये मात्र काही तास जायचे, आणि ते तास फारसं कुणी लिहीत नाही. ज्यानं ४८ लावलंय आणि ओपनला चौका आलाय, तो त्या वेळात घरी असतो. पोरं झोपलेली, हा गॅलरीत उभा, ताट झाकून ठेवलेलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बायकोला अनोळखी वाटतो. आकडा लागला की नाही, यापेक्षा ती रात्र महत्त्वाची आहे, कारण पुढची वीस वर्षं तो त्या रात्रीसारखी दुसरी रात्र शोधत राहणार आहे.

तीन पत्तीचा डाव रंगवतानाही असाच घात होतो. शेवटच्या डावात एकाकडे एक्क्यांचा ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, आणि दुसऱ्याकडे बादशहांचा! बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात निघतात आणि त्यांतले ट्रेल अवघे ५२ असतात. एकाच डावात दोघांना ट्रेल लागला की खेळ जाणणारा वाचक पुस्तक मिटतो. खऱ्या अड्ड्यावर घरं बुडतात ती ब्लाइंडच्या, म्हणजे पत्ते न बघता लावण्याच्या हट्टावर, मामुली पेअरवर, समोरचा पॅक करेल, म्हणजे डाव सोडेल, या खात्रीवर. आणि अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून आपली नाल, म्हणजे अड्ड्याचा वाटा, काढत असतो, त्याला कोण जिंकलं याच्याशी देणंघेणं नसतं. हा शांत माणूस तुमच्या कादंबरीत असायला हवा.

गोष्ट आजची असेल तर माग बदलतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्याआधीचा पैसा नोटांतून गेला, नंतरचा बँकेच्या पानावर ओळीनं दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यानंतरच्या काळातला मुलगा उघडपणे रमीच्या अ‍ॅपवर पैसे लावताना दाखवलात तर कारण द्यावं लागेल.

एका रात्रीत सर्वस्व घालवणं

नाटकात हे चालतं. कादंबरीत, विशेषतः रहस्याच्या कादंबरीत, यामुळे हातातली शोधयात्राच संपते. एका रात्रीत गेलं तर शोधायचं काय?

प्रत्यक्षात माणूस पायरीपायरीनं उतरतो आणि प्रत्येक पायरीवर दुसरं कुणीतरी उभं असतं. सुरुवातीला बहुधा एक बरी रक्कम लागते. मग हरायला लागतो आणि ‘गेलेले तेवढे काढतो, मग हात लावत नाही’ हे वाक्य घरात येतं. आधी पगारातले जातात. मग भिशी लवकर उचलली जाते, त्यासाठी भिशीवाल्या वहिनींना काहीतरी कारण सांगावं लागतं. मग पतपेढीचं कर्ज, त्याला जामीनदार लागतात, म्हणजे कामावरचा मित्र किंवा धाकटा मेहुणा सही करतो. कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि वसुली जामीनदाराच्या मानेवरही बसते. मग पाटल्या गहाण पडतात. शेवटी गावची जमीन.

ही यादी तुमच्या कथानकाचा कणा होऊ शकते, कारण प्रत्येक पायरीवर एक सही आहे किंवा एक मौन. मेहुण्यानं सही का केली? त्याला शंका आली नव्हती का? आली असूनही केली असेल, तर बहिणीवरच्या मायेनं केली की दाजींकडून स्वतः कधी घेतलेले पैसे अंगाशी येतील म्हणून? दिवाळीला यायचा तो एका वर्षी यायचा बंद झाला. मुलांना वाटतं, मामा गर्विष्ठ झाला. त्याच्या पगारातून तीन वर्षं हप्ते कापले जात होते, हे त्यांना पंचवीस वर्षांनी कळतं. जुगारी या प्रसंगात कुठेच नाही, तरी सगळं त्याच्यामुळे घडलंय.

ट्रंकेतली डायरी

वडील वारले, माळ्यावरची ट्रंक उघडली, तळाशी डायरी, डायरीत सगळं. ही सगळ्यात मोठी पळवाट आहे. हिशेब लपवण्यात आयुष्य घालवलेला माणूस कबुलीजबाब लिहून ठेवत नाही.

त्याच्याऐवजी सरकारी आणि घरगुती कागदांकडे वळा. आपल्याकडचे कागद इतकं बोलतात, की ते न वापरणाऱ्या लेखकाबद्दल वाईट वाटतं. जुना हस्तलिखित सातबारा घ्या. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस केलेला असतो, शेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक असतो. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसतो. क्रमांक धरून फेरफार नोंदवहीपर्यंत गेलं की कळतं, नाव कधी आणि कशानं कमी झालं. आता असं समजा, की नातीला आजोबांच्या जमिनीचे दोन फेरफार सापडतात. पहिला आत्याच्या हक्कसोडपत्राचा. दुसरा खरेदीखताचा, परक्या माणसाच्या नावानं. दोन्हींत तीन महिन्यांचं अंतर. घरात आजवर सांगितलेली गोष्ट अशी: आत्यानं भावावरच्या प्रेमापोटी हक्क सोडला, नंतर दुष्काळात जमीन विकावी लागली. कागद म्हणतो, सही घेतानाच गिऱ्हाईक ठरलेलं होतं. आता नातीपुढे प्रश्न आहे: आत्याला हे माहीत होतं का? आणि सहीच्या दिवशी तिला तालुक्याला घेऊन कोण गेलं होतं?

हा माग डायरीपेक्षा बलवान का? डायरी उत्तर देते आणि विषय मिटवते. कागद एक तारीख देतो आणि नातीला उठून कुणाच्या तरी दारात जायला लावतो. तिथे तिला चहा मिळतो, अर्धं खरं मिळतं, आणि ‘आता हे उकरून काय मिळणार आहे बाळ?’ हेही ऐकायला मिळतं.

छोटे पुरावेही असेच पेरा. धुवायला काढलेल्या सदऱ्याच्या खिशात मुलीला सिगारेटच्या पाकिटाच्या चांदीवर लिहिलेलं सापडतं: ४८, खाली १०. ती चुरगाळून टाकते. आई तो कागद केरातून उचलते, सरळ करते आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवते. आईनं एक शब्द बोलायचा नाही. वाचकाला कळलं पाहिजे, की घरात एक माणूस हिशेब ठेवतोय आणि तो बाप नाही.

आईला फक्त रडायला लावणं

या चुकीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पदराला डोळे पुसणारी, मंगळसूत्र काढून देणारी, देवापुढे बसणारी आई. ती कादंबरीभर सोसते आणि एकही निर्णय घेत नाही. खऱ्या घरांत बहुतेक निर्णय तिचेच असतात. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभं राहायचं की नाही, पाटल्या माहेरी ठेवायच्या का, थोरल्याला शाळेतून काढून कामाला लावायचं का, सासऱ्यांना सांगायचं का. तिनं नवऱ्याला वाचवायला धाकट्या दिराचे पैसे दिले असतील, तर दिराच्या परागंदा होण्यात तिचाही वाटा आहे. तिला पवित्र ठेवण्याच्या नादात तुम्ही रहस्याचा सगळ्यात मोठा धागा तोडता.

हे आपल्या परंपरेला नवं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अक्षसूक्त हे हरलेल्या जुगाऱ्याचं मनोगत आहे, आणि त्यात एक भयंकर ओळ आहे: बाप, आई, भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, याला बांधून न्या. कुटुंबानं घेतलेला निर्णय तिथे उघडपणे मांडलाय. सभापर्वातली द्रौपदी रडण्याआधी प्रश्न विचारते, तोही कायद्याचा: आधी स्वतःला हरलात की मला? अख्ख्या सभेला त्याचं उत्तर देता येत नाही. तुमच्या कादंबरीतल्या बाईला असा एक प्रश्न विचारता आला, तर तिच्या अश्रूंची दहा पानं कमी करता येतील.

बुकीला कोर्टात पाठवणं

पैजेचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे रद्दबातल आहे. बुकी जुगाराच्या वसुलीसाठी दावा लावू शकत नाही, त्यामुळे घरावर त्यासाठी जप्ती येत नाही. वसुली दुसऱ्या वाटेनं होते: हातउसने म्हणून लिहून घेतलेला कागद, कोरा चेक, जमिनीचं साठेखत (पुढे विकायचा करार), किंवा नुसतं रोज संध्याकाळी दारात येऊन बसणं. बापाच्या जुगाराच्या देण्याला मुलगा बांधील नाही, हे तर जुना हिंदू कायदाही मानत आला. याचा फायदा घ्या. मुलाला हे वकील सांगतो आणि तरीही तो पैसे फेडतो, कारण चाळीत बहिणीचं लग्न ठरतंय. कायदा त्याला मोकळा करतो आणि तो स्वतःहून अडकतो. निवडीची गोष्ट लिहायची म्हणजे ही.

परिणाम म्हणून शिक्षा देणं

शेवटच्या प्रकरणात जुगाऱ्याला अर्धांगवायू, अपघात किंवा एकाकी मरण. वाचकाला वाटतं, लेखकानं वरून येऊन निकाल दिला. परिणाम कुणाच्या तरी हातून घडावा लागतो. बापानं फीचे पैसे लावले. म्हणून थोरली शिवणकामाला बसली. तिनं धाकट्याला शिकवलं. तो शिकला आणि तिच्यापुढे मान वर करून बोलायला कचरू लागला. शेवटी तिला टाळायलाच लागला. बापाचा आकडा आणि भावंडांतला दुरावा यांच्यात चार माणसांचे निर्णय आहेत. यातला एक जरी वेगळा पडला असता तरी गोष्ट फिरली असती, असं वाटायला हवं. अर्धांगवायूनं असं काही वाटत नाही.

लिहिताना अडकलात तर

मध्येच गोष्ट थंडावली असेल, तर बहुधा सगळ्या पात्रांना एकाच वेळी सगळं कळून गेलंय. एक कागद घ्या. प्रत्येक पात्रासमोर लिहा: कधी कळलं, कुणाकडून कळलं, मग काय केलं, कुणापासून लपवलं. दोन पात्रांच्या ओळी सारख्या निघाल्या तर त्यातलं एक पात्र काढा किंवा त्याला उशिरा कळू द्या.

वाचकाला शेवट लवकर कळतोय? परागंदा काकाचं काय झालं यावर सगळा भार टाकलेला असेल. तो सुरतेला हॉटेलात कामाला होता, हे निम्म्यातच सांगून टाका. मग घरातल्या कुणाला ते आधीपासून ठाऊक होतं आणि कोण दर वर्षी त्याला मनीऑर्डर करत होतं, हे उरतं, आणि ते जास्त बोचतं.

जुगारी पात्र नुसतं तिरस्करणीय होत असेल, तर त्याला घरात एखादं काम नीट करू द्या. मुलीच्या वह्यांना कव्हरं घालणं, आईच्या औषधांच्या वेळा पाळणं, गणपतीची आरास. ही कामं तो मनापासून करतो. त्याच आठवड्यात तो मुलीच्या फीचे पैसेही नेतो. दोन्ही प्रसंग लागोपाठ लिहा आणि मध्ये खुलासा घालू नका.

शेवट सापडत नसेल तर उलगड्याचं पान शेवटून काढून तीन प्रकरणं आधी आणा. सगळ्यांना सगळं कळलंय आणि रविवारी सगळे एकत्र जेवायला येणार आहेत. मामालाही बोलावलंय. त्याचं ताट कुणी वाढायचं, इथून पुढे लिहायला लागा.