लिलावातला लष्करी जनरेटर: पहिलं हँडल मारण्याआधी

लिलावातला जनरेटर टेम्पोतून उतरला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बॅटरी जोडून बघूया की?" मी नको म्हणतो. बेळगावात खानापूर रोडला माझं शेड आहे. त्याआधी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, व्हेइकल मेकॅनिक होतो, त्यामुळे हे हिरवे सेट माझ्या हाताखालून बरेच गेलेत. चालून चालून झिजलेला सेट त्यात क्वचित सापडतो. युनिटमध्ये असेपर्यंत त्याचं तेल वेळेवर बदललेलं असतं, तासांची नोंद असते. खरी खराबी होते ती नंतर, यार्डात पावसाळे काढताना. रबर कडक होतं, टाकीला गंज चढतो, वाइंडिंगमध्ये ओल शिरते. म्हणून इंजिन पूर्ण खोलायची घाई नको आणि चालू करायची तर त्याहून नको.

बोली लावण्याआधीच प्लेट वाचा. रंग चढला असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचा. ५० हर्ट्झ, १५०० आरपीएम, ४१५ व्होल्ट असं असेल तर तो आपल्या कामाचा. रडार आणि विमानांसाठीचे काही सेट ४०० हर्ट्झचे असतात, काही नुसते २८ व्होल्ट डीसी देतात. त्यांच्यावर शेतातला पंप चालत नाही आणि दुरुस्तीने ते बदलतही नाहीत. इंजिन कितीही देखणं असलं तरी असा सेट सोडून द्या.

सेट घरी आला की आधी साफसफाई. एअर कूल्ड इंजिन असेल तर वरचा पत्रा काढा. सिलेंडरच्या फिन्समध्ये कुंभारमाशीची मातीची घरटी हमखास असतात, सायलेन्सरच्या तोंडातही. ती तशीच राहिली तर इंजिन अर्ध्या तासात तापून जाम होतं. लाकडी काडीने कोरून काढा, मग हवा मारा. जुन्या एक्झॉस्ट पाइपवर पांढरट दोरी गुंडाळलेली दिसली तर ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी ओढू नका, हवाही मारू नका. फुफ्फुसात गेलेला धागा परत निघत नाही. हे काम माहितगाराकडून, दोरी ओली ठेवून आणि नीट मास्क लावूनच करून घ्या.

आता नोजल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये साधारण अर्धी वाटी इंजिन ऑइल आणि डिझेलचं मिश्रण ओता आणि रात्रभर सोडा. सकाळी फ्लायव्हील हाताने फिरवा. अडकलं तर जोर करू नका, मागे-पुढे थोडं थोडं हलवा, पुन्हा तेल घाला. गंजलेल्या रिंगा कधी दोन दिवस घेतात. स्टार्टर मारून सोडवायला गेलात तर रिंग तुटते, लायनरवर ओरखडा येतो आणि उद्यमबागेतल्या कारखान्यात सिलेंडर बोअरिंगचा खर्च डोक्यावर बसतो. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की सिलेंडरमधलं तेल फिरवून बाहेर काढा. मगच नोजल टेस्टरवर तपासून बसवा. नोजलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरायचं नाही. तो कातडी भेदून आत जातो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

जुनं इंजिन ऑइल भांड्यात काढून बघा. दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, आधी त्याचं कारण शोधा. टाकी उतरवून आत बारीक खडी आणि थोडं डिझेल घालून हलवा, तळाचा काळा चिकट गाळ निघेपर्यंत धुवा. फिल्टर आणि रबरी पाइप नवेच घाला, तिथे पैसे वाचवू नका. मग डिझेलच्या लाइनमधली एअर काढायची. आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. नंतर इंजेक्शन पंपाचा स्क्रू, शेवटी नोजलचे नट. हा क्रम मोडला तर दिवसभर हँडल मारत बसाल.

यानंतरची पायरी मी एकदा चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजेक्शन पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, जुन्या डिझेलच्या चिकट्याने अडकतो. तो पूर्ण डिझेलवर अडकला असेल तर इंजिन पकडल्याबरोबर पळत सुटतं. वेग आवरणारा गव्हर्नर काही करू शकत नाही, स्टॉप लिव्हर ओढून उपयोग नाही. माझ्या हातून एक तीन सिलेंडर सेट असाच सुटला होता. त्याचा आवाज चढत गेला तो अजून कानात आहे. भाच्याने एअर क्लीनरच्या तोंडावर फळी दाबली म्हणून थांबला. तेव्हापासून बाजूचं झाकण काढून रॅक बोटाने दोन्ही टोकांपर्यंत सरकतो का, हे बघितल्याशिवाय मी इंजिन चालू करत नाही. एअर क्लीनर काढलेला असतो आणि फळी घेऊन एक माणूस शेजारी उभा असतो. हाताने दाबायला जाऊ नका, हात आत ओढला जातो.

बरेच लष्करी सेट २४ व्होल्टचे असतात. ट्रॅक्टरची एकच बॅटरी लावून स्टार्टर रेंगाळतो आणि लोक स्टार्टरला दोष देतात. १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा. इंजिन पकडलं की पहिल्या दहा सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलंच पाहिजे, नाहीतर बंद करा.

बैलहोंगलचे एक पोल्ट्रीवाले सेट घेऊन आले होते. म्हणाले, "इंजिन छलो ऐती, करंट बरवल्दु." म्हणजे इंजिन चांगलं आहे, पण करंट येत नाही. बऱ्याचदा असंच असतं. वर्षानुवर्षं उभा राहिला की फील्डमधलं, म्हणजे आतल्या चुंबकी कॉइलच्या लोखंडातलं, उरलेलं चुंबकत्व जातं आणि त्याशिवाय करंट तयार व्हायला सुरुवातच होत नाही. पण त्याआधी ओल तपासा. एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारं कार्ड) आणि डायोड सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन मोजा. (ते न सोडवता मेगर मारलात तर जळतात.) १ मेगओहमच्या खाली असेल तर १०० वॅटचे दोन बल्ब आत लावा, वरून ताडपत्री टाका, ओल बाहेर पडायला वर फट ठेवा. बल्ब ताडपत्रीला टेकू देऊ नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसातून आलेल्या सेटला दोन-तीन दिवस लागतात. इन्सुलेशन ठीक झालं की इंजिन बंद असताना, एव्हीआरच्या तारा सोडवलेल्या ठेवून, फील्डच्या धन टोकाला १२ व्होल्ट बॅटरीचं धन आणि ऋणाला ऋण, मध्ये हेडलाइटचा बल्ब, असं पाच-सात सेकंद लावा. तारा परत जोडून सेट चालवा. पोल्ट्रीवाल्यांचा सेट एवढ्यावरच ४१५ दाखवू लागला.

मोकळ्या, म्हणजे लोड नसलेल्या, सेटला ५२ हर्ट्झ, म्हणजे १५६० आरपीएम ठेवा. पूर्ण लोडवर तो ५० च्या आसपास उतरतो. लोडसाठी मी पाण्याच्या पिंपांत २ किलोवॅटचे सहा कॉइल सोडतो, प्रत्येक फेजवर दोन. १५ केव्हीएच्या सेटला ०.८ पॉवर फॅक्टर धरून १२ किलोवॅट म्हणजे पूर्ण लोड झाला. पिंपांना अर्थिंग हवंच आणि लोड चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही. टप्प्याटप्प्याने लोड वाढवत दोन तास चालवा, सगळं उघड्यावर, कारण बंद खोलीतला धूर माणूस मारतो. लोड वाढवताना थोडा काळा धूर चालतो, सतत निळा आला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड बघा. इंजिन थंड झालं की हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा.

घरच्या लाइनला जोडताना चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) लागतोच. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून सॉकेटमधून करंट देणारी माणसं मी पाहिलीत. तो करंट ट्रान्सफॉर्मरमधून उलटा जाऊन ११,००० व्होल्ट होतो, आणि पावसात झाड पडून लाइन गेलेली असते तेव्हा हेस्कॉमचा (आमच्याकडची वीज कंपनी) लाइनमन नेमका त्याच खांबावर चढलेला असतो. चेंजओव्हर बसवला नसेल तर सेट मी शेडबाहेर सोडत नाही, गिऱ्हाईक घरचं असलं तरी.