आमच्यानंतर मुलांनी राहायचं घर: पैसे कसे उभे करायचे आणि सुरुवात कुठून

आमची मुलगी आता 31 वर्षांची आहे. बौद्धिक दिव्यांग. स्वतःचं ताट वाढून घेते, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट करते, पण गॅस पेटवता येत नाही आणि रात्री फिट आली तर शेजारी कुणीतरी लागतंच. पालकांच्या मीटिंगमध्ये फिरून फिरून तोच विषय, आमच्यानंतर काय, आणि मग कुणीतरी उठून म्हणतं की चला जमीन घेऊया. आम्ही नऊ घरांनी मिळून हे काम हातात घेतलं तेव्हा आम्हीही तेच केलं, शेतजमीन बघितली, टोकन देऊन बसलो, आणि नंतर वकिलाने सांगितलं की आमचा ट्रस्ट शेतकरी नाही, कुळकायद्याच्या कलम 63 खाली कलेक्टरची परवानगी असल्याशिवाय खरेदी होतच नाही. वर्ष गेलं, टोकन गेलं, आणि दोन पालक कंटाळून बाहेर पडले. म्हणून हे लिहितेय.

जमीन शेवटी. आधी वहीत तीन वेगळी पानं करा: घर उभं करायचा खर्च, घर चालवायचा खर्च (भाडं, वीज, किराणा, दुरुस्ती), आणि मुलांना सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च. पहिल्या पानासाठी देणगी मिळते, कारण भिंतीवर नावाची पाटी लागते. पगाराला देणगीदार मिळणं फार अवघड असतं, आणि घरं बंद पडतात ती तिसऱ्या पानावर.

त्या पानाचा हिशोब असा. चोवीस तास एक माणूस हजर हवा तर आठवड्याचे 168 तास होतात, एक जण 48 तास काम करणार, म्हणजे नुसत्या एका जागेसाठी साडेतीन माणसं, रजा, आजारपण, गावाकडची लग्नं धरली की चारच्या वर. बारा मुलं असतील तर दिवसा एकटी मावशी पुरत नाही, दोन जागा धरा, रात्री एक, शिवाय स्वयंपाक आणि एक सुपरवायझर. किमान वेतन द्याच. कमी पगारात ठेवलेली माणसं सहा महिन्यांत सोडून जातात आणि आपल्या मुलांना ओळखीचा चेहरा गेला की जेवण तुटतं, झोप तुटते, हे मी घरात बघितलंय.

आता समजा माणशी महिना 20 हजार खर्च धरला. बारा जणांचे 2 लाख 40 हजार. सगळे पालक तेवढे देऊ शकत नाहीत, रिक्षावाल्याचा मुलगाही आपल्याला घ्यायचाय, तर सरासरी फी 14 हजार धरा, म्हणजे महिन्याला 72 हजार कमी पडले, वर्षाला 8 लाख 64 हजार. ही खोट कॉर्पसच्या, म्हणजे मुदलाला हात न लावता कायम ठेवायच्या निधीच्या, व्याजातून भरायची. 7 टक्के व्याज आलं आणि सगळं खर्चून टाकलं तर साधारण सव्वा कोटी पुरतील असं वाटतं, पण पगार आणि भाजी दरवर्षी महागणार, त्यामुळे 4 टक्केच वापरायचे आणि उरलेले परत मुदलात घालायचे, मग आकडा 2 कोटी 16 लाखांवर जातो. घाबरू नका, हा एका दिवसात लागत नाही, पण माहीत पाहिजे. कॉर्पसची देणगी घेताना देणाऱ्याकडून 'कॉर्पससाठी' असं लेखी घ्या, नाहीतर ती साधी देणगी धरली जाते, आणि ट्रस्टचं 85 टक्के उत्पन्न त्याच वर्षी खर्च करायचा नियम व्याज साठवताना आडवा येतो, त्यावर वाट आहे पण ती सीएला विचारूनच काढा.

आणि एकरकमी पैसे घेऊन 'आयुष्यभर सांभाळू' असं कुणालाही लिहून देऊ नका. 25 वर्षांचा मुलगा अजून 40 वर्षं राहणार, आज घेतलेले दहा-पंधरा लाख तोपर्यंत कुठे पुरणार. डिपॉझिट वेगळं ठेवा, महिन्याची फी वेगळी, दरवर्षी किती वाढणार ते करारात आधीच लिहा.

कागदपत्रं पटापट सांगते. संस्था म्हणून पब्लिक ट्रस्ट किंवा सेक्शन 8 कंपनी (नफ्यासाठी नसलेली कंपनी). ट्रस्ट केला तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, पुढे कर्ज काढायचं किंवा मिळकत विकायची तर त्यांची आधी परवानगी लागते, हे बँकेत जायच्या आधी लक्षात ठेवा. मग प्राप्तिकर खात्याच्या 12ए आणि 80जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या, पहिली संस्थेच्या करसवलतीसाठी, दुसरी देणगीदाराच्या. दिव्यांगांसाठी निवासी संस्था चालवायला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्र लागतंच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टकडेही नोंदणी करा, पालक संघटनांना तिथे मुद्दाम जागा ठेवलीये, आणि निवासाची 'घरौंदा' योजना, जी आता 'समर्थ-कम-घरौंदा' झालीये, त्यातूनच येते. फक्त अनुदान हप्त्याने येतं आणि पगार 1 तारखेला द्यायचा असतो, म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पाहिजे.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा, याबद्दल लोकांचे खूप गैरसमज आहेत. कंपनी साधारण 3 वर्षांचं काम बघते, सीएसआर-1 ची नोंदणी (असे पैसे घ्यायला संस्थेने सरकारकडे करायची) मागते, म्हणजे नवीन संस्थेला पहिल्या दिवशी काही मिळत नाही. चालू प्रोजेक्टला सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त 3 वर्षं पैसे, आणि 2021 पासून कॉर्पसला सीएसआर चालत नाही. त्यामुळे कंपनीकडे मागायचं ते एकदाच लागणारं: सोलर, लिफ्ट, गाडी, बाथरूमचे रॅम्प आणि हॅन्डल, किंवा बांधकाम. कॉर्पस आपल्याच माणसांकडून, मृत्युपत्रातून, गावातल्या देणगीदारांकडून. आमच्यात एका आजोबांनी आपला वन बीएचके ट्रस्टला दिला, त्याचं भाडं आता एका मावशीचा जवळपास पूर्ण पगार भागवतं.

मुलाच्या नावाने येणारे पैसेही या घराचाच भाग आहेत, ते सोडू नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढा. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा 1 लाखापर्यंतचा आहे आणि आधी मेडिकल तपासणी लागत नाही, पण दरवर्षी रिन्यू करायला लोक विसरतात. कमी उत्पन्नाच्या घरांना संजय गांधी निराधार योजना. आणि आई-वडील सरकारी नोकरीत असतील तर कमवू न शकणाऱ्या मुलाला आजीवन कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकतं, ते आपण जिवंत असतानाच कागदावर नोंदवून घ्या, नंतर भाऊ-बहिणींना चकरा माराव्या लागतात.

अठरा पूर्ण झाली की कायद्याने आपणही आपोआप पालक राहत नाही. नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखालच्या जिल्ह्याच्या लोकल लेव्हल कमिटीकडून, ती कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली असते, कायदेशीर पालकत्व घ्या. पालकाला 6 महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. माझं ठाम मत आहे की घर चालवणारा आणि मुलाच्या पैशांचा पालक एकच माणूस नसावा.

आता घर कसं असावं. बदलापूरचं आधार, कोळवणचं साधना व्हिलेज, डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल, ही सगळी बघून या, एक दिवस नाही, जमलं तर राहून, आणि ऑफिसपेक्षा स्वयंपाकघरात जास्त वेळ बसा. चेन्नईच्या बन्यन संस्थेचं 'होम अगेन' मला फार पटतं, नेहमीच्या वस्तीत भाड्याचं घर, चार-पाच जण, सोबतीला मदतनीस. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 पण हेच सांगतं की दिव्यांग माणसाला समाजात राहायचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती करता येत नाही.

म्हणून आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली ती भाड्याच्या थ्री बीएचकेने. तळमजला, दवाखाना चालत जाण्याइतका जवळ, चार मुली. सोसायटीत आधी विरोध झाला, आम्ही कमिटीला चहाला बोलावलं, मुलींनी स्वतः लाडू दिले, अकरा महिन्यांचा करार झाला. पहिले तीन महिने फक्त शुक्रवार ते रविवार, मग आठवडा, मग कायमचं. त्यात खरे आकडे कळले, आमच्या अंदाजापेक्षा औषधं आणि रिक्षा जास्त निघाली, किराणा कमी. मुलींना विचारलं की खोली कुणाबरोबर हवी, तर माझ्या मुलीने मला वाटलं होतं त्या मैत्रिणीला नाही म्हटलं आणि दुसरीचा हात धरला. आम्ही यादी बदलली. आता तीच दोघी सकाळी मिळून दूध आणायला जातात, मावशी चार पावलं मागे असतात.