भूल द्यायला नवीन लागलात? आधी फ्लोचा नॉब बघा

मी बडोद्याची, दांडियाबाजारातच वाढले, आणि आता तेरा वर्षं झाली इथेच भूल देतेय, तीन-चार नर्सिंग होम आणि एक मोठं हॉस्पिटल. दर वर्षी नवीन रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) येतात तेव्हा कुणीतरी विचारतंच की मॅडम, ते क्लायमेट चेंज, ग्रीन हॉस्पिटल वगैरे चाललंय त्यात आपण डॉक्टरांनी काय करायचं, झाडं लावायची का. लावा की, पण तुमच्या हातात झाडापेक्षा मोठी गोष्ट आहे, भुलीच्या मशीनवरचा फ्लोमीटर, म्हणजे मिनिटाला किती लिटर गॅस सोडायचा ते ठरवणारा नॉब.

आपण भुलीसाठी सेव्होफ्लुरेन देतो, आयसोफ्लुरेन देतो, तो गॅस पेशंटच्या अंगात फार थोडा खर्च होतो. बाकीचा जसाच्या तसा श्वासातून बाहेर येतो, पाइपने गच्चीवर जातो आणि तिथून हवेत. वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांत सेव्हो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 130 पट उष्णता धरतो, आयसो 500 पट, आणि डेसफ्लुरेन तब्बल 2500 पट. नायट्रस ऑक्साइड 270 पटीच्या आसपास, पण तो शंभर वर्षांहून जास्त टिकतो आणि ओझोनही खातो. म्हणूनच स्कॉटलंडने 2023 मधे डेसफ्लुरेन बंद केला, आणि युरोपियन युनियनमधे 1 जानेवारी 2026 पासून अगदीच वैद्यकीय गरज असेल तरच तो वापरायचा असा नियम आहे. मी तर म्हणेन डेसची सवयच लावून घेऊ नका.

मी रेसिडेंट होते तेव्हा ऑक्सिजन 2, नायट्रस 4, असा सहा लिटरचा फ्लो लावायचा आणि केस संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. का, ते मी विचारलं नाही, सीनियर तसंच करायचे. पुढे एकदा हिशोब करून बघितला. सोपा आहे, तुम्हीपण करा: फ्लो लिटरमधे, गुणिले व्हेपोरायझरचा (औषधाची वाफ करून गॅसमधे मिसळणाऱ्या भांड्याचा) टक्का, गुणिले 3, म्हणजे तासाला किती मिली औषध उडतं त्याचा अंदाज. सेव्हो 2 टक्के, फ्लो 6 लिटर, म्हणजे तासाला 36 मिली. अडीचशे मिलीची बाटली सात तासांत रिकामी. तोच फ्लो 1 लिटर ठेवला तर 6 मिली, बाटली चाळीस तास पुरते. पेशंट दोन्हीकडे तेवढाच झोपलेला! इतकी वर्षं मी काय उडवून दिलं त्याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि तुमच्या हातून पहिल्या दिवसापासून तसं होऊ नये म्हणून हे एवढं लिहितेय.

आता करायचं कसं. सुरुवातीला पाच-सहा लिटर राहू द्या, काही मिनिटं, पेशंटच्या श्वासातून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या औषधाचे आकडे जवळ आले की फ्लो 1 लिटरवर आणा आणि व्हेपोरायझरचा डायल थोडा वाढवा, कारण कमी फ्लोमधे डायलवरचा आकडा आणि पेशंटला मिळणारा आकडा यात फरक पडतो. नजर डायलवर नको, मॉनिटरवर ठेवा. श्वासनलिकेत ट्यूब टाकताना मास्क काढला की व्हेपोरायझर नाही, फ्लो बंद करायचा, नाहीतर तेवढा वेळ सगळा गॅस ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) पसरतो आणि सिस्टरच्या नाकात जातो. ट्यूब बसली की फ्लो लगेच परत चालू, हे मोठ्याने बोलून करा म्हणजे विसरणार नाही. आमच्या ओटीतला टेक्निशियन आता स्वतःच विचारतो, "मॅडम, फ्लो ओछो करी दऊं?" म्हणजे फ्लो कमी करू का.

पण जिवावर उदार होऊन कुणी लो फ्लो करू नका. ऑक्सिजन अ‍ॅनालायझर आणि एजंट मॉनिटर (भुलीच्या गॅसचं प्रमाण दाखवणारा) नसेल तर नाही म्हणजे नाही. बेन सर्किटवर (श्वासाच्या साध्या नळीवर) तर अजिबात नाही, तिथे कार्बन डायऑक्साइड फ्लोनेच धुतला जातो, फ्लो कमी केला की पेशंट तोच परत ओढणार. लहान नर्सिंग होममधे अजून बेनच असतो हे मला माहितीये, तिथे मी जमेल त्या केसला स्पायनल (पाठीच्या मणक्यात इंजेक्शन) नाहीतर ब्लॉक (तेवढाच भाग बधिर) देते, गॅसचा प्रश्नच येत नाही. सोडालाइमचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा (अ‍ॅब्सॉर्बंटचा), रंग रोज सकाळी बघा. आणि लो फ्लोमधे नायट्रस घालू नका, ऑक्सिजन आणि एअर पुरे.

सीनियर विरोध करतील. लो फ्लोमधे सेव्हो सोडालाइममधून फिरला की कंपाउंड ए नावाचं विषारी रसायन होतं, किडनी जाते, हे मलाही ऐकवलं गेलं. ते नुकसान उंदरांमधे दिसलेलं आहे, माणसांमधे तसं दाखवता आलेलं नाही, आणि आताचे नवीन अ‍ॅब्सॉर्बंट असतात त्यात ते जवळपास तयारच होत नाही. वाद घालू नका, नम्रपणे सांगा, आणि मालक डॉक्टरांना बाटल्यांचा हिशोब दाखवा. पृथ्वीचं नाव काढल्यावर जे "बघू" म्हणाले होते ते बिल बघितल्यावर आठवड्यात तयार झाले, मला त्यात काही गैर वाटत नाही, गॅस कमी उडाला ना.

कचऱ्याचं थोडक्यात सांगते. हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे पिशव्या-डब्यांचे पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चार रंग आहेत, पाठ असतीलच. पिवळ्या पिशवीतलं बहुतेक जाळलं जातं, आणि आपण घाईत ग्लोव्हजची कोरी पाकिटं, खोकी, सगळं तिच्यातच कोंबतो. केस सुरू व्हायच्या आधी कोरं पॅकिंग वेगळं काढायचं, एवढंच माशींना (ओटीतल्या मदतनीस बायांना) नीट समजावून सांगा, त्या आपल्यापेक्षा जास्त शिस्तीने करतात. आणि हिरवे कापडी गाऊन, ड्रममधे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केलेले, यांना मागासलेलं समजू नका. नवीन मुलांना डिस्पोजेबल किट भारी वाटतं, पण चांगलं धुतलेलं, नीट ऑटोक्लेव्ह केलेलं कापड पुन्हा पुन्हा वापरता येतं.

हेल्थ केअर विदाउट हार्म या संस्थेने 2019 मधे हिशोब मांडला होता, जगातल्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा 4.4 टक्के. म्हणजे रोग आपण बरे करतो आणि रोगाचं कारण थोडं आपणच पुरवतो, हे मला बोचतं. आणि परिणाम लांब कुठे नाहीत. 2010 च्या मे महिन्यात शेजारी अहमदाबादला पारा 46 च्या वर गेला, माणसं गेली, त्यातून 2013 मधे तिथला हीट अ‍ॅक्शन प्लॅन (उष्णतेच्या लाटेला तोंड देण्याचा आराखडा) आला. आणि आपल्याकडे 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा एका ठिकाणी जनरेटर बेसमेंटमधे होता आणि बेसमेंट पाण्यात. तुम्ही जिथे जॉइन व्हाल तिथे पहिल्या आठवड्यात विचारा, जनरेटर कुठल्या मजल्यावर आहे, ऑक्सिजनचे सिलेंडर कुठे आहेत. नवीन माणसाने विचारलेलं कुणाला खटकत नाही.

उन्हाळ्यात मात्र एक गोष्ट नक्की करा. मे महिन्यात सकाळी नऊची केस, पेशंट वाघोडियाकडून एसटीने आलेला, रात्री दहापासून पाण्याचा थेंब नाही कारण कुणीतरी "काही खायचं प्यायचं नाही" सांगितलंय, वर बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध. स्पायनल दिला की बीपी धाडकन खाली. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं हे गाइडलाइनमधे केव्हाचं आहे, आपण सांगत नाही. आतडं अडकलेलं, पोट हळू रिकामं होणारा जुना डायबेटिस, असे पेशंट सोडून. मी आता प्री-ऑपला (ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला) चिठ्ठीच देते, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती: रात्री दहानंतर जेवण नाही, दूध नाही. सकाळी सात वाजेपर्यंत पाणी प्या, बिनदुधाचा चहा चालेल. एसटीत बाटली बरोबर ठेवा, पण सातनंतर उघडू नका.